गोलमध्ये कोण उभं राहणार?

३ फेब्रुवारी

पुलावर काल पुन्हा मारामारी झाली. या वेळी पोरगा गेलाच. पुलापलीकडचा, गाड्यांच्या गॅरेजात कामाला होता. मारणारे अलीकडचे. त्यातला एखादा तरी माझ्या हाताखालून गेलेला असणार. अलीकडची बहुतेक पोरं आमच्याच शाळेची.

सौ. इस्पितळात एक्स-रे काढते. पोराला आधी तिच्याच टेबलावर आणलं होतं. घरी आली ती सरळ हातपाय धुवायला गेली, आणि बराच वेळ नळ चालू राहिला. जेवताना एवढंच म्हणाली, "बूट नवे होते हो त्याचे. तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच होती."

ताटं तशीच राहिली. तेव्हा चिरंजीवांनी बातम्या सांगणाऱ्या बाईची नक्कल सुरू केली. वय सोळा, अभ्यासात बरा, अंगाने काडी. पण नकला मात्र अशा करतो की समोरचा माणूस खोटा वाटावा. सौ.ला डोळ्यांत पाणी असताना हसू आलं. मी म्हटलं, "पुरे." प्रसंग काय, हा करतो काय.

९ फेब्रुवारी

पालिकेच्या युवक विभागाच्या बाई आज शाळेत आल्या होत्या. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या पोरांना संध्याकाळी एका छताखाली खेळवायचं, असं वरून ठरलं आहे. पालिकेचं बर्फाचं जुनं गोदाम रिकामं पडलंय, ते मिळणार. "रिकामे हात सुऱ्याकडे जातात, सर. त्यांच्या हातात चेंडू द्या," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवलं. स्वतःच्या अंगावर आलेलं दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पण मला आवडलं, हे इथे लिहायला हरकत नाही. तरुणपणी मी हँडबॉल खेळलो. राज्याच्या संघाच्या दारापर्यंत गेलो आणि दार लागलं. तेव्हापासून शाळेत पोरांना सावधान-विश्राम करायला लावतोय. फाटकाबाहेर पडली की पोरं ना सावधान असतात ना विश्राम. काहीतरी खरं करून दाखवायची ही बहुधा शेवटचीच संधी.

सौ. म्हणाली, "करा. चांगलंच आहे. फक्त ते घरात आणू नका."

२० फेब्रुवारी

पहिली संध्याकाळ. गोदामात अजून ओल्या भुशाचा वास आहे. जमिनीवर रेषा मीच मारल्या, गोलचे खांब सुताराकडून करून घेतले.

पोरं आली, पण आली म्हणजे काय! अलीकडचे या भिंतीला पाठ लावून, पलीकडचे त्या भिंतीला. अलीकडच्यांचा म्होरक्या सलूनमध्ये काम करतो. त्याला सगळे कात्री म्हणतात. बारीक, तोंडाळ, सतत हसरा. पलीकडच्यांच्या म्होरक्याला इंजिन म्हणतात. तो फार बोलत नाही, पण तो चालला की त्याची पोरं डब्यांसारखी मागून चालतात. पलीकडच्यांत एक अगदी लहानसर चेहऱ्याचा आहे. पुलावर गेला त्याचा धाकटा भाऊ. तो कात्रीकडे पाहत होता आणि कात्री हसत होता.

मिसळून दोन संघ केले. चेंडू फक्त आपल्याच बाजूच्याला देतात. आणि खरी अडचण म्हणजे गोल. गोलमध्ये उभं राहायला कोणीच तयार नाही. कात्री म्हणाला, "सर, मी हात वर करून उभा राहू आणि हे लोक माझ्यावर फेकणार? त्यापेक्षा सुराच मारायला सांगा की." पलीकडेही तेच. शेवटी एकाच गोलवर खेळायचं ठरवलं आणि तिथे मीच उभा राहिलो.

२२ फेब्रुवारी

गुडघ्याने राजीनामा दिला. सूज आहे. गोलकीपरशिवाय हँडबॉल म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आज खेळ झालाच नाही. जाताना फाटकाशी ढकलाढकली झाली, कोणाच्या तरी खिशातून काहीतरी चमकलं. मी पाहिलं नाही असं केलं.

२४ फेब्रुवारी

सुचलं! इतकं सोपं होतं.

आम्ही शिक्षक वसाहतीत, मोठ्या रस्त्यावर राहतो. चिरंजीव दुसऱ्याच शाळेत जातो. तो ना अलीकडचा ना पलीकडचा. त्याच्यावर कोणाचा राग नाही, त्याचा कोणावर नाही. गोलमध्ये तो.

"बाबा, माझी आणि चेंडूची ओळखच नाही," तो म्हणाला.

"होईल."

सौ. पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "त्याला विचारलंत का?"

"हे काय, सांगितलं की."

२६ फेब्रुवारी

जमलं. डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आज पहिल्यांदा इंजिनने कात्रीला पास दिला. कात्री उडाला, हवेतच हात फिरवला, चेंडू सणसणत गेला. गोल झाला नाही, चेंडू चिरंजीवांच्या कानशिलावर बसला. पण पास दिला, हे महत्त्वाचं. कात्री हसला. आणि इंजिनही हसला! मी शिट्टी वाजवायचं विसरलो.

चिरंजीव घरी येताना गप्प होता. म्हटलं, पहिल्या दिवशी कान वाजतो. माझाही वाजायचा.

८ मार्च

रोज येतात. वेळेआधी येतात. पोरांनी चिरंजीवांना नाव दिलंय, "भिंत". गोलकीपरला याहून मोठी पदवी नाही. त्याला मी तसं सांगितलं. "हो बाबा," म्हणाला.

पोरांनी एक नवीनच काढलंय. चेंडू गोलमध्ये गेला तर गोल म्हणतात, ते ठीक. पण कधीकधी गोल झालेला नसतानाही एकदम ओरडतात, "दोन!" किंवा "तीन!" काय मोजतात ते कळत नाही. विचारलं तर कात्री म्हणाला, "आमचा हिशेब आहे सर, मजेचा." मी खोलात गेलो नाही. अलीकडचे आणि पलीकडचे एका सुरात आकडे म्हणतात, याचं मोल मला ठाऊक आहे. पुलावर असताना ते एकमेकांचे मुडदे मोजत होते.

१९ मार्च

पोलीस ठाण्याच्या साहेबांचा फोन. महिनाभरात पुलावर एकही भांडण नाही. "काय जादू केलीत सर?" मी म्हटलं, "घाम गाळला साहेब, दुसरं काही नाही." दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

पुलावर गेलेल्या पोराची आई आज गोदामात आली होती. दाराशीच उभी राहिली, चपला हातात धरून. तिचा धाकटा खेळत होता. मला म्हणाली, "सर, संध्याकाळ झाली की मी दारातच उभी असायचे. आता हा कुठे आहे हे मला माहीत असतं. तेवढंच पुष्कळ झालं." तिच्या धाकट्याने त्याच वेळी असा काही चेंडू मारला की चिरंजीव पोट धरून खाली बसला. सगळे ओरडले, "तीन!" ती माउली टाळ्या वाजवायला लागली. तिला खेळातलं काही कळत नाही. पोरगा हसतोय एवढंच दिसत होतं.

सौ.ला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि आपला? आपला कधी हसला शेवटचा?"

बायकांना चांगल्या गोष्टीला गालबोट लावल्याशिवाय चैन पडत नाही. पण अंथरुणावर पडल्यावर आठवून पाहिलं. बातम्यावाल्या बाईची नक्कल त्याने बऱ्याच दिवसांत केलेली नाही. वयात आलाय. शांत होतात पोरं.

२ एप्रिल

गोदामातून घरी येताना चिरंजीव बरोबर होता. अर्ध्या रस्त्यात थांबून म्हणाला, "बाबा, मी उद्यापासून नाही आलो तर चालेल?"

"का रे?"

"असंच."

"असंच म्हणजे? कोणी काही बोललं?"

तो बुटाचं टोक रस्त्यावर घासत राहिला. "बोलत नाहीत कोणी काही."

मी त्याला नीट समजावलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "बघ, तू नाही आलास तर गोलमध्ये कोण? पुन्हा ते दोन भिंतींना चिकटतील. पुन्हा पूल. उद्या कोणाचं पोर गेलं तर तुला झोप येईल?"

त्याने विचार केला. मग म्हणाला, "नाही येणार."

"मग?"

"मग येतो."

समजूतदार आहे. हे त्याने माझ्याकडून घेतलं.

११ एप्रिल

आज जे झालं ते लिहू की नको, असा विचार करत बसलो होतो. लिहितो.

पाण्याचा नळ गळत होता म्हणून मागे गेलो होतो. परत येताना दाराशी थबकलो. आत माझाच आवाज. "पोरांनो, मैदानात गल्ली नसते, पूल नसतो, असतो तो फक्त घाम!" माझं खाकरणं. माझं पँट वर ओढणं. आणि मग, अगदी माझ्याच सुरात, "राज्याच्या संघाच्या दारापर्यंत गेलो होतो मी... दाराला बेल होती... मी वाजवली... आतून म्हणाले, दूध नको."

पोरं लोळत होती. कात्री डोळे पुसायला इंजिनच्या खांद्यावर टेकला होता. चिरंजीव मध्ये उभा; चेहरा पांढरा, पण हातवारे माझेच. घामाने भिजला होता तो, आणि थांबत नव्हता. एक नक्कल संपली की लगेच दुसरी. जणू थांबला तर काहीतरी होईल. कात्री मध्येच म्हणाला, "चालू ठेव भिंती, चालू आहे तोवर सुट्टी."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला दिसत होतं ते एवढंच की माझ्या पोटच्या पोराने मला या पोरांपुढे उघडं केलं.

मी आत गेलो. मी म्हटलं, "गोलमध्ये."

"बाबा..."

"इथे सर म्हणायचं. गोलमध्ये. सगळ्यांनी पाच-पाच. रेषेच्या आत येऊन."

रेषेच्या आत म्हणजे फार जवळून. पहिल्या दोघांनी हळू टाकले. मी म्हटलं, "जोरात." तिसऱ्यापासून सांगावं लागलं नाही. मी भिंतीला टेकून शिट्टी वाजवत होतो. ती शिस्त होती, राग नव्हता. आकडे मोजले जात होते, मी ऐकत होतो. इंजिनने शेवटचे दोन टाकलेच नाहीत, चेंडू खाली ठेवला. त्याचे ते दोन कात्रीने मारले.

घरी त्याने आईला सांगितलं, ओल्या जागेवरून घसरलो. मी काही बोललो नाही. त्याने मला सांभाळून घेतलं की मी त्याला, कळत नाही.

जेवण मात्र बरं गेलं. हलकं वाटत होतं.

१३ एप्रिल

सौ. सकाळी त्याला शाळेऐवजी इस्पितळात घेऊन गेली. मला न सांगता. दुपारी शाळेत फोन: "घरी या."

ती पलंगावर बसली होती, अंगावर इस्पितळाचा डगला तसाच. "उजवीकडची बरगडी, मोडून जुळलेली. डाव्या हाताची दोन बोटं. एक जुळलंय, वाकडं जुळलंय. जुनं आहे हे सगळं. महिन्यापेक्षा जुनं. मी लोकांची हाडं बघते दिवसभर आणि संध्याकाळी याला वाढते. त्याने डावा हात मांडीखाली ठेवून जेवायला कधी सुरुवात केली, ते मला आठवतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "खेळात लागतंच."

"तोंडाला दोन. पोटाखाली तीन. रोज संध्याकाळी ज्याचे जास्त होतील त्याला बाकीचे सरबत पाजतात. त्याने सांगितलं मला. सहज सांगितलं, नियम सांगतात तसं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही ऐकलं नाहीत कधी?"

"ऐकलं."

"मग काय वाटलं तुम्हाला?"

मला काय वाटलं होतं ते आता नीट आठवत नाही. खरंच आठवत नाही.

"तो आता जाणार नाही," ती म्हणाली.

मी तिला पुलाबद्दल सांगितलं. त्या आईबद्दल सांगितलं, चपला हातात धरून उभी होती ते. म्हटलं, दोन बोटं एका बाजूला आणि कोणाचा जीव दुसऱ्या बाजूला, तूच तोल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीकडे वळलो.

आतल्या खोलीतून चिरंजीवांचा आवाज आला. "आई, महिनाअखेरची कॉलेजशी मॅच आहे ना पाहुण्यांसमोर, ती होऊ दे. बाबांनी सगळ्यांना बोलावलंय. एवढी एकच. मग नाही जाणार."

सौ. माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं मी नको म्हणेन.

मी म्हटलं, "बघ. त्यालाच खेळायचंय."

१४ एप्रिल

कात्री आणि इंजिनला बाजूला घेऊन बोललो. म्हटलं, तो आकड्यांचा प्रकार बंद. दोघांनी माना डोलावल्या. कात्री म्हणाला, "बंद करू सर. पण मग काय खेळायचं?"

"हँडबॉल!"

"ते खेळतोच की."

निघताना इंजिन मागे रेंगाळला. तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. "सर, तो रडत नाही. रडला असता तर आम्ही केव्हाच सोडलं असतं." मग थोड्या वेळाने, "तुम्ही पण काही बोलला नाहीत. आम्हाला वाटलं चालतं."

२७ एप्रिल

मॅच काल झाली. काल लिहिता आलं नाही.

साहेब आले होते, पालिकेच्या बाई, फोटो काढणारा, दोन्ही बाजूंच्या आया-बहिणी. समोर एका कॉलेजचा तयारीचा संघ. आमची पोरं अशी खेळली की काय सांगू. कोण अलीकडचा, कोण पलीकडचा, ओळखू येईना. आणि गोलमध्ये चिरंजीव. चेंडू नाकासमोर आला तरी पापणी लवत नव्हती. माणूस नव्हेच तो. कॉलेजच्या प्रशिक्षकाने मला विचारलं, "हे कसं शिकवलंत? माझा गोलकीपर तर डोळे मिटतो." मी म्हटलं, "सवय."

जिंकलो. पोरांनी मला उचललं. सौ. दारापाशी उभी होती, त्याची पिशवी खांद्याला लावून. मॅच संपली की त्याला घेऊन निघायचं, असं ठरलं होतं.

तेवढ्यात कात्री ओरडला, "साहेब, आमचा एक मजेचा खेळ बघून जा!" आणि पोरांनी चिरंजीवांना परत गोलमध्ये उभं केलं. मी थांबवायला हवं होतं. पण सगळे हसत होते, फोटोवाला पुढे सरसावला होता, आणि मला वाटलं, एखादा चेंडू, पाहुण्यांसमोर, काय मोठंसं. एकाने मारला, छातीवर बसला, लोक हसले. साहेब म्हणाले, "अरे, मलाही एक मारू द्या!" टोपी बाईंकडे दिली आणि टाकला. चिरंजीवांनी तो अलगद धरला, वाकून परत दिला. काय टाळ्या पडल्या!

मग पोरं ओरडायला लागली. "सर! सर! सर!"

चेंडू कोणी हातात दिला ठाऊक नाही. किती वर्षांनी भरल्या गोदामात, भरल्या आवाजात माझ्या हातात चेंडू होता. हात विसरला नव्हता. मी तीन पावलं घेतली, उडालो. गुडघ्याने तक्रार केली नाही. मी उजव्या वरच्या कोपऱ्यात मारला. शपथेवर सांगतो, कोपऱ्यात. तो जागेवर उभा राहिला असता तर नुसता गोल झाला असता.

तो गेला. अख्खा लांब होऊन गेला. मला वाटतं त्याला तो अडवायचाच होता, माझा.

डोळ्यावर बसला. आवाज वेगळा असतो.

"दोन," कोणीतरी म्हणालं. सगळे नाही. एकदोघे. त्यात साहेबांचाही आवाज होता. ऐकलं तसं ओरडले, त्यांना काय माहीत.

मी धावलो. तो उठून बसला होता, तळहात डाव्या डोळ्यावर दाबलेला. बोटांच्या फटीतून काहीतरी झिरपत होतं. त्याने उजव्या डोळ्याने मला शोधलं.

"अडवला ना पण?" म्हणाला.

"अडवलास," मी म्हटलं.

सौ. आली. मला तिने कोपराने बाजूला केलं, जसं दारातलं सामान सरकवतात. ती त्याला घेऊन गेली. मीही निघालो होतो. बाई म्हणाल्या, "सर, पाचच मिनिटं, ढाल तेवढी घ्या, सगळे थांबलेत." ती मी घेतली. दोन शब्दही बोललो. चांगले बोललो, असं लोक म्हणतात.

३० एप्रिल

डोळ्याच्या आतला पडदा फाटला आहे. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर तरुण आहे, स्पष्ट बोलतो. "उजेड-अंधार कळेल. त्यापुढे आशा ठेवू नका."

चिरंजीव उशीला टेकून बसला होता. मी खुर्ची डाव्या बाजूला घेतली. बराच वेळ बोलत होतो. मग लक्षात आलं, मी त्या बाजूला बसलोय हे त्याला दिसतच नव्हतं. उठून उजवीकडे गेलो. तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. दुखत असेल.

६ मे

सौ.ने तिच्या भावाकडे राहायला जायचं ठरवलंय. दुसऱ्या शहरात, तिथल्या इस्पितळात तिला काम मिळतंय. पेट्या भरल्या. मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "तुम्हाला अजून दिवस वाटतात?"

मी म्हटलं, "मी मुद्दाम मारला असं वाटतं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "मुद्दाम मारला असतात, तर निदान त्याच्याकडे बघून तरी मारला असतात."

चिरंजीव दारात वाकला, पायाला हात लावला. म्हणाला, "जातो."

आपल्याकडे जाताना 'येतो' म्हणतात. मी सवयीने सुधारलं, "येतो म्हणावं."

त्याने पेटी उचलली.

१० मे

घरात नळाचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. एकट्यापुरता भात लावला, तो जास्तच झाला.

शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. ढाल त्यांच्या खोलीत ठेवली आहे.

१५ मे

गोदामात गेलो. पोरं आली होती. कात्रीने चिरंजीवांची चौकशी केली. मी सांगितलं. गेलेल्याचा धाकटा भाऊ रडायला लागला. इतके दिवस स्वतःच्या भावासाठी रडताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं म्हणतात. इंजिन उठून बाहेर गेला, तो परत आला नाही.

मग कात्री म्हणाला, "सर, आता गोलमध्ये कोण?"

१८ मे

कोणीच नाही. मी उभा राहिलो. माझ्यावर कोणी जोरात मारत नाही. दोघे-तिघे तर चेंडू जमिनीवरून सरपटत सोडतात, म्हाताऱ्या कुत्र्यापुढे पोळीचा तुकडा टाकावा तसं. थोड्या वेळाने कंटाळले. अलीकडचे या भिंतीशी गेले, पलीकडचे त्या.

२३ मे

मारामारी. गोदामातच. निमित्त काय, तर पाण्याची बाटली. कात्रीने ब्लेड काढलं. एकाच्या दंडावर लांब चीर. खोल नाही. मी मध्ये पडलो, माझा सदरा फाटला. जाताना धाकटा कात्रीला म्हणाला, "पुलावर ये." साधं, सरळ, घड्याळातली वेळ विचारावी तसं.

त्याची आई पुन्हा आली होती. फक्त उभी राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

पालिकेच्या बाईंचा फोन: शहराच्या तीन भागांत आपलीच पद्धत सुरू करायची आहे, माझ्यावर भिस्त आहे. मी म्हटलं, "सगळं छान चाललंय."

सौ.ला फोन लावला. भावाने उचलला. ती कामावर आहे म्हणाला. चिरंजीवांना द्या म्हटलं, तर म्हणाला, झोपलाय. दिवसाढवळ्या.

२६ मे

विचार करतोय. पद्धत चुकीची नव्हती. सुरुवातीलाच लक्ष ठेवायला हवं होतं, मर्यादा आखायला हवी होती. चेहऱ्याला मुखवटा, छातीला गादी. या वेळी तसं करता येईल. पुलावर अजून काही झालेलं नाही, पण होईल. आज-उद्या होईल. रोज कान तिकडेच असतात.

पोरं वाईट नाहीत. त्यांना एकत्र यायला काहीतरी लागतं, एवढंच.

२९ मे

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याकडे कपडे टाकायला गेलो होतो. त्याचा भाचा नुकताच इथे आलाय. आई वारली म्हणून मामाने ठेवून घेतलं. पंधरा-सोळाचा असेल. उंच, हात लांब. बोलताना अडखळतो, म्हणून फार बोलत नाही. इथे कोणाला ओळखत नाही. ना अलीकडच्यांना, ना पलीकडच्यांना. दिवसभर इस्त्रीच्या टेबलामागे बसून रस्ता बघतो.

मी विचारलं, "हँडबॉल खेळशील का?"

त्याने मामाकडे पाहिलं. मामा इस्त्री उभी करून बाहेर आला. "सर, तुमचं नाव ऐकलंय. पुलावरची भांडणं तुम्हीच थांबवलीत ना? हा पोरगा आल्यापासून नुसता भिंतीला बसून असतो हो. चार मित्र झाले तर बोलायला तरी लागेल."

"होतील की मित्र. आमच्याकडे एक जागा रिकामीच आहे."

"क-क-कुठली?" पोराने विचारलं. चेहरा उजळला होता त्याचा.

"महत्त्वाची," मी म्हटलं. "तुझ्यावाचून खेळच सुरू होणार नाही."

मामाचे डोळे भरून आले. कपड्यांचे पैसे घेईना. म्हणाला, "तुमच्या हवाली करतो सर. आईवेगळं लेकरू आहे, जरा सांभाळून घ्या."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "निर्धास्त राहा. स्वतःच्या मुलासारखा सांभाळतो."